कापूस वऱ्हाडाचा, भाव जगाचा



‘जागतिकीकरणाच्या काळातील आर्थिक विकासाचं धोरण’ हा विषय संयोजकांनी मला दिला. आज मी तो एका पिकापुरता घेणार आहे. ते पीक कापूस. अमरावतीत बोलायचं म्हणून कापूस निवडला, एवढंच त्याचं कारण नाही. जागतिकीकरण हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, वऱ्हाडचा शेतकरी जगाच्या बाजारात उभा केला गेला होता. तिथं उभं राहण्याचा इतका लांबलचक अनुभव या देशात फार थोड्यांना आहे.

आधी एक हिशेब मांडतो. एक क्विंटल कापूस जिनात गेला की ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. सूत काढताना, विणताना, बेतताना होणारी घट धरली तर तेवढ्या रुईचे शंभरेक सदरे होतात. म्हणजे ढोबळमानानं एक किलो कापसाचा एक सदरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सदऱ्यामागे शेतकऱ्याला ८१ रुपये, तेही हमीभाव पुरा हाती पडला तर. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, निंदण. वेचणाऱ्या बाईला किलोमागे दहा-बारा रुपये. तोच सदरा दुकानात कितीला मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

मधली सगळी रक्कम लुटीची आहे असं मी म्हणणार नाही. सूतकताई, विणकाम, रंगाई, शिलाई, वाहतूक ही खरी कामं आहेत आणि त्यांवर लाखो घरं चालतात. माझे प्रश्न दोनच आहेत. ही मधली कामं कुठं होतात? आणि जगातला भाव पडतो तेव्हा त्या पडण्याचा भार कुणाच्या खांद्यावर जातो? कुठल्याही सरकारचं विकासाचं धोरण मी या दोन प्रश्नांवर तपासतो.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत भाव चढले, वऱ्हाडात ज्वारीच्या रानात कापूस आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, त्याची कथा आपण अजून सांगतो. वऱ्हाडात काय झालं ते मात्र सांगणारा कुणी नव्हता. रेल्वे आली ती खामगावचा, अमरावतीचा कापूस बंदरावर नेण्यासाठी. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली शकुंतला रेल्वेसुद्धा एका इंग्रज कंपनीनं त्याच हेतूनं टाकली. रूळ कापूस घेऊन जायचे, पण इथं सूत व्हावं, कापड व्हावं याची काळजी कुणी केली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा जगाला कापूस पुरवणाऱ्या या मुलखात ज्वारी विकत घ्यायला माणसांकडे पैसा नव्हता.

त्याच काळात नागपुरात एक वेगळा प्रयोग झाला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. बहुतेक गिरण्या मुंबईत असताना त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथं होता आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. नव्या प्रकारच्या रिंग चात्या त्यांनी फार लवकर बसवल्या. कामगारांसाठी पेन्शन आणि भविष्यनिर्वाह निधी कायद्यानं भाग पाडायच्या कितीतरी आधी सुरू केले. पिकाजवळ उद्योग उभा राहू शकतो हे तिथं सिद्ध झालं. सरकारचं धोरण काय होतं? १८९६ मध्ये लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. बाहेरून येणाऱ्या कापडावर जेवढी जकात, तेवढाच कर घरच्या कापडावर. तीस वर्षांच्या आसपास तो कर राहिला. त्याच दशकांत जपाननं आपल्या गिरण्यांना हात दिला. मुंबईचा कापूस नेऊन जपाननं सूत काढलं आणि चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला बाहेर काढलं. कापूस आपलाच होता. मागे उभं राहणारं सरकार आपल्याकडे नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर ते सरकार आलं. मग काय झालं, हा आजच्या व्याख्यानाचा खरा भाग आहे.

महाराष्ट्रानं १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातला सगळा कापूस सरकारनं घ्यायचा, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकायच्या आणि जे मिळेल त्यातला नफा शेतकऱ्याला परत द्यायचा. कल्पना मोठी होती. रुईच्या भावातला हिस्सा कापूसवाल्याला मिळावा हे कायद्यानं म्हणणारं राज्य दुसरं नव्हतं. त्या योजनेत भाव चढउतार निधीही होता: चांगल्या वर्षी थोडं बाजूला काढायचं आणि पडत्या वर्षी ते वापरायचं. आजही मला ही कल्पना अगदी योग्य वाटते. पुढे पैसे हप्त्याहप्त्यानं येऊ लागले, प्रतवारीवरून तक्रारी झाल्या, शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्री गाड्या सीमा ओलांडू लागल्या. निवडणुका पाहून भाव वाढवले गेले, तोटा साचत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. शेतकऱ्याला एका खरेदीदाराशी बांधणं चूक होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या चुकीबरोबर आपण तो निधीही टाकून दिला.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या बंधनावर कडाडून हल्ला केला. शेतमालाचे भाव सरकारच पाडतं, अनुदान मिळणं दूर, उलट शेतकऱ्याकडूनच काढून घेतलं जातं, ही त्यांची उणे सबसिडीची मांडणी. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावर देशभर निषेध होत असताना त्यांनी त्याचं स्वागत केलं. माझ्या पिढीतल्या अनेकांना ते पटलं नव्हतं, पण आज मागे वळून पाहता त्यांचं निदान बरंचसं खरं होतं. अपुरं पडलं ते इतकंच की समोरचा बाजार त्यांनी मानला तेवढा खुला नव्हता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलर देत होती आणि तो कापूस जगाचे भाव खाली ओढत होता. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी २००३ मध्ये हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत मांडला. कानकूनच्या परिषदेत त्यांच्या हाती काही लागलं नाही.

आता आपल्या दाराकडे या. २०१० मध्ये भाव चढू लागले तेव्हा कापसाच्या निर्यातीवर कर बसला, नोंदणी थांबवली गेली. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी आली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीर नाराजी दाखवली, गुजरात-महाराष्ट्रातून विरोध झाला आणि आठवडाभरात बंदी सैल करावी लागली. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयातीवर शुल्क लागलं, सगळं मिळून ११ टक्के. पुढच्या हंगामात भाव वाढले आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये शुल्क उठवलं गेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कापड निर्यातदारांना दिलासा हवा होता, तो खराच हवा होता. तो दिला कसा? १९ ऑगस्टपासून कापसाचं आयात शुल्क शून्य. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे बोंडं फुटण्याच्या तोंडावर सुरुवात आणि घरोघरी कापूस आलेला असेपर्यंत मुदत.

हा क्रम एका ओळीत लावून पाहा. भाव वर गेला की बाहेर जायचं दार बंद होतं किंवा आत यायचं दार उघडतं, आणि खाली आला तरी आत यायचं दार सताड उघडं. जगाच्या बाजारातला तोटा शेतकऱ्यापर्यंत पोचतो, नफा मात्र वाटेत अडवला जातो. याला खुलं धोरण म्हणता येत नाही आणि संरक्षणाचंही म्हणता येत नाही.

गिरणीवाल्यांची बाजू मी हलकी मानत नाही. इचलकरंजीचा यंत्रमागवाला, तिरुपूरच्या शिलाई कारखान्यातली मुलगी, कोइम्बतूरची सूतगिरणी यांची स्पर्धा व्हिएतनामशी, बांगलादेशाशी आहे आणि तिथं कापूस शुल्काविना येतो. अमेरिकेच्या करानं त्यांच्या हातचं काम गेलं तर सरकारनं धावलंच पाहिजे. पण ती मदत तिजोरीतून द्यावी. सगळ्या देशावर आलेल्या संकटाचा खर्च सगळ्या देशानं उचलावा. तो नेर किंवा राळेगाव तालुक्यातल्या पाच एकरवाल्याच्या भावातून कापून घेऊ नये. शिवाय त्यातून पैसाही वाचत नाही. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राच्या कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, सुमारे १०० लाख गाठींचा कापूस हमीभावानं घ्यावा लागला होता. बाजारभाव हमीभावाखाली असताना आयात खुली करायची आणि त्यामुळे आणखी पडलेल्या भावाचा कापूस सरकारी पैशानं उचलायचा, असा हा कारभार आहे.

खरेदी केंद्रावर काय चालतं तेही पाहा. गाडी लागते, ग्रेडर ढिगात हात घालतो, ओलावा मोजायच्या यंत्राची सुई खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात, बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. दिवाळीच्या सुमारास पहाटेच्या दवात वेचलेल्या कापसात ओलावा असणारच. वाळवायला अंगण लागतं, दोन-चार दिवस लागतात, आणि उधारी फेडायची घाई असलेल्याकडे तेवढे दिवस नसतात. तो खासगी व्यापाऱ्याकडे वळतो. मग हमीभाव मिळतो तो ज्याला थांबता येतं त्याला. आणि थांबणंही जुगारच ठरतं. २०२१-२२ मध्ये भाव दहा हजारांवर गेला होता. पुढच्या हंगामात तो पुन्हा जाईल या आशेनं लोकांनी कापूस घरात भरून ठेवला, झोपायच्या खोलीत, पलंगाखाली. उन्हाळा आला, कापसातल्या किडीनं लेकरांच्या अंगाला खाज सुटली, आणि शेवटी तो कापूस सात हजारांच्या आसपास विकावा लागला. शेतकऱ्याचा अंदाज चुकला असं आपण सहज म्हणतो. पण ज्याचा निम्मा भाग दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर अवलंबून आहे, तो अंदाज कुणालाही बांधता येत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. मधली कामं कुठं होतात?

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. तरीही कपड्यांच्या निर्यातीत तो देश चीननंतरच्या पहिल्या काहींमध्ये आहे आणि आपली तयार कपड्यांची निर्यात त्याच्या निम्म्याहून कमी आहे. हे कसं घडलं? १९७० च्या दशकाच्या अखेरीस देश गारमेंट्स या बांगलादेशी कंपनीनं दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. १३० माणसं पुसानच्या कारखान्यात शिकायला गेली. ती परतली, कारखाना चालू लागला, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतली बहुतेक नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढायला किंवा दुसऱ्यांचे उभारायला निघाली. कौशल्य असं पसरलं. सरकारनं त्यांना दोन साध्या सोयी दिल्या. निर्यातीच्या ऑर्डरच्या आधारावर कापड उधारीवर आणता येईल अशी बँकेची पद्धत, आणि ते कापड शुल्काविना ठेवता येईल अशी गोदामं. त्या सोयी टिकवल्या, हे मी मुद्दाम सांगतो. सरकारं बदलली, लष्कर आलं आणि गेलं, तरी या दोन गोष्टींना कुणी हात लावला नाही.

आपण त्याच काळात तयार कपडे शिवणं लघुउद्योगासाठी राखून ठेवलं होतं. हेतू होता लहान माणसाला वाचवण्याचा. परिणाम असा झाला की हजार शिलाई यंत्रांचा कारखाना काढणं जवळपास अशक्य झालं. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणानं हे राखीवपण काढायला सुरुवात केली, तोवर वीस वर्षं गेली होती. इकडे मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगाव संपत चाललं होतं, नागपूरची एम्प्रेस मिलही पुढे बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल आहे. ज्या दशकांत इथल्या मुली शिलाईच्या नोकरीला लागायला हव्या होत्या, त्या दशकांत त्या दिवसभर ओट्यात कापूस वेचत राहिल्या.

बांगलादेशानं त्याची किंमत मोजली हे विसरून चालणार नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी साभारमधली राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० पेक्षा जास्त कामगार मेले. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. स्वस्त सदऱ्याच्या मागणीनं हे घडवलं आणि तो सदरा विकत घेणारे श्रीमंत देशही त्यात भागीदार आहेत. म्हणून अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, त्याबद्दल माझी पहिली विचारणा कारखान्यांच्या संख्येबद्दल नाही. दर्यापूर-चांदूरच्या मुलींना राहायला सुरक्षित जागा, येण्या-जाण्याला बस, पाळणाघर आणि तपासणी करणारा खरा निरीक्षक तिथं असणार आहे का? ते नसेल तर त्या मुली येणार नाहीत, आणि आल्या तर टिकणार नाहीत.

ब्राझीलचं उदाहरण वेगळं आहे. १९८० च्या दशकात बोंडांवर भुंगा आला, १९९० च्या दशकात आयात खुली झाली आणि एकेकाळी कापूस निर्यात करणारा तो देश आयात करू लागला. तिथून त्यांनी माटो ग्रोसोच्या पठारावर नव्यानं शेती उभी केली. सरकारी संशोधन संस्था एम्ब्रापानं त्या मातीला चालणारे वाण दिले. २००२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला, जिंकला, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली. तो पैसा त्यांच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेकडे गेला. २०२३-२४ मध्ये ब्राझीलनं कापूस निर्यातीत अमेरिकेला मागे टाकलं. त्यांची शेतं हजारो हेक्टरांची आहेत, यंत्रानं वेचणी होते. ते रूप आपण उचलू शकत नाही आणि उचलूही नये. पण नियमांचा अभ्यास करून बलाढ्य देशाला न्यायासनासमोर उभं करणं आणि संशोधनावर वीस वर्षं सातत्यानं खर्च करणं, याला मोठी शेतं लागत नाहीत.

संशोधनाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण सगळ्या जकातींपेक्षा हे महत्त्वाचं आहे. आपलं रुईचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास आहे, ब्राझील आणि चीनचं त्याच्या चौपट. कोरडवाहू जमीन हे एक कारण. दुसरं बियाण्यात आहे. जगात बहुतेक ठिकाणी कापसाचे सरळ वाण पेरतात. आपल्याकडे २००२ मध्ये जनुक बदललेलं बीटी आलं ते संकरित बियाण्यातून, त्यामुळे दर वर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. महाग म्हणून ते विरळ लावायचं, झाड मोठं होतं, पीक पाच-सहा महिने उभं राहतं, पावसाची शेवटची ओल संपल्यावर बोंडं भरतात आणि तेव्हाच गुलाबी बोंडअळी येते. गेल्या कित्येक वर्षांत कापसात नवं जनुकीय तंत्रज्ञान मंजूर झालेलं नाही. चोरून येणारं, तणनाशक सोसणारं एचटीबीटी बियाणं मात्र गावोगाव मिळतं, ना पावती, ना हमी. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ कमी दिवसांच्या वाणांवर आणि सघन लागवडीवर काम करत आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचं अभियान जाहीर झालं. पाच वर्षं थोडी आहेत. एक वाण तयार होऊन शेतापर्यंत यायला त्याहून जास्त काळ लागतो.

मला जगाचा बाजार बंद करून हवा नाही. वऱ्हाडचा कापूस तिरुपूरला, ढाक्याला, शांघायला जावा, जास्तीत जास्त भावानं जावा. पण त्या बाजारात माणसाला पाठवायचं तर नियम आधी सांगून पाठवायला हवं. म्हणून या भागातल्या खासदारांनी, आमदारांनी, शेतकरी संघटनांनी आणि वस्त्रोद्योगाच्या संघटनांनीही एकत्र बसून दिल्लीकडे मागावं असं काही आज इथं मांडतो. आयात शुल्काचं सूत्र हमीभावाशी जोडा: बाहेरचा कापूस इथल्या हमीभावाच्या खाली येऊन पडत असेल तर शुल्क आपोआप वाढेल, वर असेल तर आपोआप उतरेल. निर्यातबंदीचा अधिकार कापसापुरता कायद्यानंच काढून टाका. गिरण्यांना आणि निर्यातदारांना परकीय कराचा फटका बसला तर त्यासाठी वेगळी तरतूद अर्थसंकल्पात दाखवा, म्हणजे तिचा आकडा संसदेत सर्वांसमोर येईल. आयात शुल्कातून जमा होणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा भाव चढउतार निधीत टाका, तो एकाधिकार योजनेतला, आपणच जन्माला घातलेला. आणि हे सगळं दर वर्षी मेअखेर जाहीर करा, पेरणीच्या आधी, कारण तूर घ्यायची, सोयाबीन घ्यायचं की कपाशी, हे शेतकरी मृगाच्या पावसापूर्वी ठरवतो.